कागदावर सगळं ठीक, आणि शाळेची वीज तोडलेली

या महिन्याच्या पत्रांत दप्तराचं ओझं, शुद्धलेखन, मोबाइल हे नेहमीचे विषय एकदम मागे पडलेत. बहुतेकांनी एकच विचारलंय : शाळेकडे पैसे नाहीत, सरकार काही देतं का? जूनमध्ये शाळा उघडते तोवर जुनी बिलं थकलेली असतात आणि नवे पैसे कधी येतील ते कुणी सांगत नाही, म्हणजे हे दिवसच या प्रश्नाचे. पत्रं थोडी आवरून देतेय. गावांची नावं मुद्दाम गाळली आहेत. कोकणात वाडीचं नाव छापलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी मुख्याध्यापकाला बोलावून विचारतं, "हे तुम्हीच लिहिलंत का?" केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करायची नोकरी केली त्या काळात हा खेळ मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा, पट १४. मंजूर शिक्षक दोन, प्रत्यक्षात मी एकटा. संयुक्त अनुदान १०,००० रुपये मंजूर असतं. गेल्या वर्षी त्यातलं अर्धं आलं, तेही फेब्रुवारीत. वीजबिल थकलं आणि मीटर काढून नेला. मोबाइलचा डेटा, झेरॉक्स, गॅस सिलिंडर आणण्याचं रिक्षाभाडं हे सगळं माझ्या पगारातून जातं. अडचणीतल्या शाळेसाठी सरकारची वेगळी मदत असते का? अर्ज कुणाकडे करायचा?
— प्रभारी मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : सर, "अडचणीतली शाळा" असं शीर्ष सरकारी हिशेबात नाही. शाळेचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि एका वाटेचे दुसरीकडे वळवता येत नाहीत. तुमचा पगार राज्याकडून, जिल्हा परिषदेमार्फत. पोषण आहाराचे पैसे वेगळे. गणवेश, पाठ्यपुस्तकं वेगळी. इमारत तर फारच वेगळी. आणि शाळा रोज चालवायला जे लागतं, म्हणजे खडू, झाडू, वीज, पाणी, हजेरीपत्रक, प्रिंटरची शाई, कौलाखाली घालायचा प्लास्टिक कागद, त्या सगळ्यासाठी समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान.

या अनुदानाची गंमत सांगते. २०१८ मध्ये समग्र शिक्षा सुरू झाली तेव्हा शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये ठरले होते. २०२१ पासूनच्या सुधारित आराखड्यात १ ते ३० पटाच्या शाळांचं अनुदान १०,००० वर आलं. ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, पुढे हजारापर्यंत ७५,००० आणि हजाराच्या वर एक लाख. देशाच्या सपाट भागात बसून पाहिलं तर हे ठीकच दिसतं. पण १४ मुलांच्या शाळेचं छप्पर ४० मुलांच्या छपरापेक्षा लहान नसतं. पाऊसही पट विचारून पडत नाही. कोकणातल्या वाडीवाडीवरच्या शाळा नेमक्या याच पहिल्या पायरीवर बसल्यात. वरून या १०,००० मधले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. राहिले ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. तुमचं अर्धंच आलं, म्हणजे ३७५. यात शाळा चालत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता करता येण्यासारखं काय, ते पाहू.

२०२१ नंतर हे पैसे शाळेच्या खात्यात पडून राहत नाहीत. खात्यावर खर्चाची मर्यादा टाकली जाते, आपण सगळे तिला लिमिट म्हणतो. ३१ मार्चला वापरली नाही तर ती गेली. फेब्रुवारीत लिमिट आल्यावर दरपत्रकं मागवायला निघालात तर मार्च कसा संपतो कळतही नाही. म्हणून जून-जुलैच्याच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वर्षाच्या खर्चाची यादी अग्रक्रमाने ठराव करून ठेवा. दरपत्रकं जानेवारीत घ्या. लिमिट आली की आठवड्यात बिलं टाकता आली पाहिजेत. प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी आणि खेळासाठी प्रत्येकी ५,००० पर्यंत वेगळी तरतूद असते. ती आली तर तिला वीजबिलासाठी हात लावू नका, लेखापरीक्षणात वसुली तुमच्या नावावर निघेल.

विजेचं. जुनं बिल शोधा आणि त्यावर वर्गवारी काय छापलीय ते पाहा. सरकारी शाळा "सार्वजनिक सेवा" या गटात मोडते. काही ठिकाणी जोडणी घेताना व्यापारी दराने नोंद झालेली असते आणि वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. तसं असेल तर वर्गवारी बदलून घेण्याचा अर्ज आधी, थकबाकीची बोलणी नंतर. दुसरी वाट ग्रामपंचायतीची. स्वनिधीतून शाळेचं बिल भरणाऱ्या ग्रामपंचायती आहेत, पण तोंडी विनंतीवर सरपंच दरवेळी "बघू" म्हणतात. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून मासिक सभेपुढे अर्ज गेला की "बघू" म्हणणं थोडं अवघड होतं.

आणि आता तुमच्या खिशाचं. खिशातून घालणं थांबवा असं मी म्हटलं तरी तुम्ही थांबवणार नाही. समोर मुलं बसलेली असतात. पण ते लिहून ठेवा. माझ्या केंद्रातल्या एका बाई स्वतःच्या पैशांनी सगळं चालवायच्या. पंखे चालू, नळाला पाणी, भिंतींना रंग. तपासणीत शाळेला उत्तम शेरा. बाईंची बदली झाली आणि नव्याने आलेल्या गुरुजींनी मदत मागितली, तर वरून उत्तर आलं, गेल्या वर्षापर्यंत या शाळेची काही तक्रार नव्हती. बाईंच्या चांगुलपणामुळे त्या शाळेची गरज कागदावर कधी उमटलीच नव्हती.

म्हणून यू-डायस प्लसची, म्हणजे दरवर्षी सरकारला द्यायची शाळेची ऑनलाइन माहिती भरताना हात आखडू नका. "वीज आहे का" या प्रश्नाला "जोडणी आहे, पण चालू नाही" असाही पर्याय असतो. आपण काय करतो? मीटर कधीकाळी बसला होता ना, मग "आहे" भरून मोकळे होतो. स्वच्छतागृहं किती आणि त्यातली वापरात किती हे वेगळं विचारलेलं असतं. वर्गखोली चांगली, किरकोळ दुरुस्तीची की मोठ्या दुरुस्तीची हेही. नापास दिसू या भीतीने आपण सगळीकडे चांगलं भरतो. मग मुंबई-दिल्लीच्या तक्त्यात तुमची शाळा उजेडात असते आणि तुम्ही खिडकीजवळ मुलं बसवून वाचन घेता. खरं भरलंत म्हणून केंद्रावरून फोन येईल, "सर, हे बदला, तालुक्याची टक्केवारी घसरते." तेव्हा मीटर काढल्याची पावती पाठवून द्या.

स्वतःच्या पैशांचा खर्चही दर महिन्याच्या सभेत समितीच्या इतिवृत्तात येऊ द्या : अमुक खर्च, अनुदान न आल्याने मुख्याध्यापकांनी स्वतः केला. हे पैसे परत मिळतील असा शब्द मी देत नाही. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करायचा असतो आणि अनुदानाचं नियोजन त्या आराखड्यावर व्हावं असं कायदा म्हणतो. गेल्या वर्षीचा आराखडा उचलून तारीख बदलण्याची आपल्याकडे रीत आहे. ती या वर्षी मोडा.

दुसऱ्या शिक्षकाबद्दल. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हटलंय. ही मागणी तुम्ही करू नका, तुम्ही नोकरीत आहात. पालकांना करू दे. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, लेखी गाऱ्हाणं करता येतं आणि त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. पालकांचा अर्ज हस्ताक्षरात असला तरी चालतो. फक्त त्यावर पोच घ्यायला विसरू नका म्हणावं.

प्रश्न : आमची शाळा स्वातंत्र्यानंतरच्या काळात गावकऱ्यांनीच बांधली. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. आता वासे कुजलेत, एका खोलीत मुलं बसवायला भीती वाटते. प्रस्ताव दोनदा गेला आणि "जागा जिल्हा परिषदेच्या नावे नाही" म्हणून परत आला. जागा ज्या आजोबांनी दिली ते कधीच वारले. सातबाऱ्यावर आता ३८ नावं आहेत, निम्मी मुंबईत. आम्ही काय करायचं?
— शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा हसले आणि मग गप्प झाले, कारण हीच गोष्ट मला मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत कुणीही सांगू शकेल. कुणा आजोबांनी "घ्या रे शाळेला" म्हणून चार गुंठे दिले, गावाने चिरे वाहिले, भिंती उभ्या राहिल्या. कागद करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या, शाळा त्यांच्याकडे गेली, जमीन मात्र सामायिक खात्यातच राहिली. पिढी बदलली तशी नावं वाढत गेली.

इमारतीवरचा मोठा खर्च सहसा जिल्हा वार्षिक योजनेतून होतो. प्राथमिक शाळांच्या विशेष दुरुस्तीसाठी तिथे तरतूद असते. मार्ग असा : समितीचा ठराव, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, बांधकाम उपविभागाचं अंदाजपत्रक, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडून जिल्ह्याची एकत्रित यादी. या रांगेत कागद अपुरा असलेला प्रस्ताव नाकारला जात नाही, तो बाजूला ठेवला जातो, आणि बाजूला ठेवलेल्याचं पुढे काय होतं ते तुम्ही दोनदा पाहिलंत.

आधी पुरावे गोळा करा. शाळेच्या कपाटात जुनं शेरेबुक असेल, त्यात पूर्वीच्या शिक्षणाधिकाऱ्यांचे भेटीचे शेरे असतात. जनरल रजिस्टरातली (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीतली) पहिली नोंद, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये शाळेच्या इमारतीची नोंद, जमीन दिल्याचा एखादा जुना कागद. तुमचा जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा फार जुनं काही हवं असेल तर रत्नागिरीलाही चौकशी करावी लागेल. या पुराव्यांनी जागा नावावर होत नाही. पण शाळेचा ताबा किती जुना आहे ते दिसतं, आणि किरकोळ दुरुस्तीला काही अधिकारी तेवढ्यावर मान्यता देतात.

नावावर करायची तर नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. स्थावर मालमत्तेचं बक्षीस स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन किंवा नोटरी करून पुरं होत नाही; देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, हे तिन्ही हवं. आधी भूमी अभिलेखकडून शाळेपुरती मोजणी करून घ्या, नाहीतर "शाळेला किती गुंठे आणि माझ्या काजूला किती" यावर बोलणी मोडतात. (मोडतातच. एकदा एका आंब्याच्या कलमाच्या सावलीवरून मोडलेली मी पाहिली आहेत.) मुद्रांक शुल्काचं दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आधी विचारून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कुणाच्या खिशाला हात घालावा लागणार नाही.

आणि ही ३८ माणसं एकत्र कधी सापडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. गणपतीत. मसुदा आषाढातच वकिलाकडून तयार करून घ्या, नावं सातबाऱ्याप्रमाणे तंतोतंत, वारस लागायचे राहिले असतील तर ती फेरफाराची कामं आधी. ज्यांना सुट्टी नाही त्यांची नोंदणीकृत मुखत्यारपत्रं मुंबईत करून मागवा. आरतीनंतर विषय काढू नका, तेव्हा सगळे हो म्हणतात आणि सकाळी विसरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, सातबारा समोर ठेवून बोला. एखादा अडून बसेलच. तो शाळेवर रागावलेला नसतो, चुलत्यावर रागावलेला असतो. त्याच्याकडे गावातलं वडीलधारं माणूस पाठवा, समितीचं शिष्टमंडळ नको.

तोवर ती खोली बंद करा. समितीचा ठराव करून मुलं समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात बसवा आणि तसं गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. खोली दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती पाडून नोंदीतून काढण्याचा प्रस्ताव वेगळा लागतो. पडकी खोली कागदावर उभी आहे तोवर नवी खोली मंजूर होणं कठीण, कारण हिशेबाने तुमच्याकडे खोल्या पुरेशा असतात.

वादळाची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याने वर सरकलं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत प्राथमिक शाळेच्या इमारतीची दुरुस्ती बसते, पण नुकसान आपत्तीने झाल्याचा पंचनामा असेल तरच. कौलं उडाली तर ती गोळा करून रचायच्या आधी फोटो काढा, तलाठी आणि ग्रामपंचायतीला त्याच दिवशी लेखी कळवा. आपल्या लोकांना पडझड दिसली की पहिलं आवरायला लागायची सवय. घरात चांगली आहे, पंचनाम्याला वाईट. तुमचे वासे मात्र कुजलेत, ते या निधीत बसणार नाहीत. त्यात बसवून देतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

प्रश्न : आमच्या ग्रामविकास मंडळाने मुंबईत तीन लाख रुपये जमवलेत. गावच्या शाळेला डिजिटल वर्ग करून द्यावा असं सर्वांचं मत आहे. पैसे मुख्याध्यापकांकडे द्यावेत का?
— मंडळाचे चिटणीस, डोंबिवली

उत्तर : मुख्याध्यापकांच्या हातात रोख अजिबात नको, त्यांच्याही भल्यासाठी. शाळा व्यवस्थापन समितीने देणगी स्वीकारल्याचा ठराव करायचा, पावती द्यायची, शैक्षणिक उठावाच्या (लोकांनी शाळेला दिलेल्या मदतीच्या) नोंदीत घ्यायचं आणि वस्तू दिली तर ती डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढवायची. बांधकाम करून देणार असाल तर इमारत जिल्हा परिषदेची आहे, त्यांच्या बांधकाम विभागाची परवानगी आधी. नंतर मागायला गेलात तर तुमचा स्लॅब अनधिकृत ठरतो.

पण डिजिटल वर्ग कशाला, दादा? मोठा टीव्ही, त्यावर मंडळाचं नाव, फीत कापताना फोटो, आणि पहिल्या पावसात दमट हवेने बोर्ड गेला की त्यावर कापड. दुरुस्तीला तालुक्याहून माणूस येत नाही. वीजबिल कोण भरणार हेही तुमच्या पत्रात नाही. वर मुख्याध्यापक सरांचं पत्र छापलंय ते वाचा. तीन लाख मंडळाच्याच नावे ठेवीत ठेवलेत आणि सहा-सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला १८ ते २१ हजार होतात. म्हणजे लहान शाळेच्या सरकारी संयुक्त अनुदानाच्या जवळजवळ दुप्पट, दरवर्षी, आणि वेळेवर. त्यातून वीज, इंटरनेट, पावसाआधी कौलं परतणं. नाव लावायला जागा नाही हे खरं.

२०२३ मध्ये राज्याने दत्तक शाळा योजना आणली, तिची चौकशी काही मंडळांनी केली होती. ग्रामीण शाळेसाठी तिथला आकडा पाच वर्षांना ५० लाख आहे. तो कंपन्यांना झेपणारा आहे, आपल्याला नाही. आपली परंपरा दुसरी. दापोलीजवळच्या मुरुडचे महर्षी कर्वे यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत, जिथे लोकल बोर्डाची शाळा नाही अशा खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. वर्गणी मागत फिरले ते शाळा रोज चालावी म्हणून.

प्रश्न : आम्ही बंदराजवळच्या गावात मराठी माध्यमाची खासगी प्राथमिक शाळा चालवतो. पट घसरला, शिक्षकांचा पगार सात-आठ महिने तुंबलाय. सरकार अनुदानावर घेईल का? शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के मोफत जागांवरच्या मुलांचे पैसेही सरकारकडून वेळेवर येत नाहीत.
— संस्थाचालक, रायगड जिल्हा

उत्तर : तुमच्या मान्यतेच्या पत्रावर काय लिहिलंय यावर सगळं आहे. "कायम विनाअनुदानित" असेल तर त्यातला "कायम" शासनाने २००९ मध्ये काढला, आणि मूल्यांकनात पात्र ठरलेल्या शाळांना पुढे २०, ४०, ६० टक्के अशा टप्प्यांनी वेतन अनुदान मिळत गेलं. प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षकांना आझाद मैदानात बसावं लागलं हा भाग वेगळा. पण मान्यता २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली असेल तर अनुदानाची वाटच नाही. तुम्ही सही करतानाच ते मान्य केलेलं असतं. पत्रात हे लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगितलं.

पंचवीस टक्क्यांची प्रतिपूर्ती हे अनुदान नव्हे, ते तुमचं येणं आहे. राज्याचा दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये, किंवा तुमची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच. करोनाच्या वर्षांत दर ८,००० केला होता, म्हणून जुन्या थकबाकीचा हिशेब वर्षवार मांडा, सरसकट नको. आणि सरकारी जागा किंवा सवलत घेताना ठरावीक मुलं मोफत शिकवण्याची अट तुमच्यावर असेल तर तेवढ्या मुलांची प्रतिपूर्ती मिळत नाही, तेही तपासा.

थकबाकी आहे म्हणून त्या मुलांच्या आईवडिलांकडून "तात्पुरते" पैसे घेऊ नका. कायद्यात बसत नाही, आणि बंदरावरच्या माणसाला मासळीबंदीच्या दोन महिन्यांत तात्पुरतेही जमत नाहीत. शिक्षकांच्या पगाराचं मात्र त्यांना खरं सांगून टाका. अनुदान येणार, येणार म्हणून तरुण माणसांची वर्षं घेणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या. त्यांच्याबद्दल मला फार सहानुभूती नाही, तुमच्याबद्दल असावी अशी इच्छा आहे.

प्रश्न : मी शाळेत पोषण आहार शिजवते. भाजीचे पैसे पुरत नाहीत. मुलं १४. दर किती असतो?
— स्वयंपाकी-मदतनीस, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : बाय, पहिली ते पाचवीला मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि बाकीच्या साहित्याला, मे २०२५ पासून, ६ रुपये ७८ पैसे. चौदा मुलं सगळी आली तर ९५ रुपये होतात. डाळ-तेल-मसाला ठेकेदाराकडून येत असेल तर शाळेच्या हातात येतात ते फक्त इंधन-भाजीचे, म्हणजे आणखी कमी. कोथिंबिरीची जुडीही परवडत नाही हे मला ठाऊक आहे. शाळेमागे परसबाग धरली तर लाल माठ, चवळी, भोपळा पावसाळ्यात फुकट निघतो. गावात बारसं-वाढदिवस असेल त्या घराला तिथीभोजनाचं, म्हणजे त्या दिवशी मुलांना जेवण देण्याचं विचारा. स्वतःच्या घरची भाजी आणत असशील तर ते मुख्याध्यापकांना वहीत लिहायला सांग, रोज.

प्रश्न : आमच्या वाडीच्या शाळेचा पट ६. ती बंद करून दीड किलोमीटरवरच्या शाळेत समायोजन करणार अशी कुजबुज आहे. मधे वहाळ आहे, साकव मोडका. माझी धाकटी दुसरीत आहे. थोरला तालुक्याला इंग्रजी शाळेत व्हॅनने जातो. शाळा वाचवायला काय करू?
— एक पालक, गुहागर परिसर

उत्तर : कुजबुज खरी की खोटी याची वाट पाहू नका. २०२३ मध्ये राज्याने लहान शाळा एकत्र करून समूह शाळांची कल्पना मांडली तेव्हा २० पर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळांची चर्चा झाली. विरोध झाला, विषय मागे पडला, पण यादी कुठे जात नाही.

पैशांच्या बाजूने सरकारचं म्हणणं मला अगदीच अमान्य नाही. सहा मुलांना सोबती हवेत, खेळायला दुसरी बाजू हवी. पण कोकणात अंतर नकाशावर मोजून भागत नाही. पहिली ते पाचवीला शाळा एक किलोमीटरच्या आत असावी हा नियम, आणि दरडी, पूर, रस्ता नसणं असा धोका असेल तर ही मर्यादा आणखी कमी करावी असं केंद्राच्या नमुना नियमांतही म्हटलंय. तुमचा मुद्दा हाच आहे, पट नव्हे. जुलैत वहाळ भरून वाहत असताना साकवाचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. पायवाटेने प्रत्यक्ष अंतर मोजून ग्रामपंचायतीचा दाखला घ्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि साकवाची मागणी त्याच ठरावात घाला. शाळा टिकली तरी साकव लागणारच आहे.

समायोजन झालंच तर समग्र शिक्षामध्ये दूरच्या मुलांना वाहतूक भत्ता आहे, मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,००० रुपये. तो मंजूर झाल्याचं लेखी मिळाल्याशिवाय दाखला काढू नका. वाडीतून रिक्षा त्या पैशांत रोज कोण नेईल, हा प्रश्नही लेखी विचारा.

आणि थोरल्याच्या व्हॅनचं. वाडीतली आणखी किती मुलं त्या व्हॅनमध्ये बसतात ते तुम्ही लिहिलं नाहीत. अर्जात ते घालायची गरज नाही. पण अर्ज घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभ्या राहाल तेव्हा पहिला प्रश्न तोच येईल, उत्तर घरून ठरवून जा.